रिपोर्टात ‘टीआर’ लिहिलंय, म्हणजे काय?

सोलापूरच्या पूर्व भागात माझं मेडिकल आहे. आजूबाजूला टॉवेल-चादरीचे कारखाने आणि गल्लीगल्लीत उंबऱ्याशी बसून विड्या वळणाऱ्या बायका. दोन-चार दिवसांआड कुणीतरी टूडी इकोचा, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीचा, रिपोर्ट काउंटरवर उलगडतं, एका ओळीवर बोट ठेवतं आणि विचारतं, “हे टीआर म्हणजे काय ओ?” डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, पण बाहेर पन्नास माणसं नंबर लावून बसलेली असताना सांगून होतं तेवढंच. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. निदान करणं माझं काम नव्हे. पण हा आजार माझ्या सख्ख्या आत्याला झाला आणि तो ओळखण्यात आमचं दीड वर्ष गेलं. तेवढा वेळ दुसऱ्या कुणाच्या घरी जाऊ नये म्हणून लिहितोय.

टीआर म्हणजे ट्रायकस्पिड रिगर्जिटेशन. ट्रायकस्पिड ही हृदयाच्या उजव्या बाजूची झडप. तिला तीन पाकळ्या असतात, म्हणून मराठीत त्रिदल झडप. रिगर्जिटेशन म्हणजे रक्त उलटं मागे येणं. आपण सरळ “वॉल लीक आहे” म्हणतो, तेच.

हृदयाचा डावा भाग शुद्ध रक्त अंगभर पाठवतो, उजवा भाग अंगातून परत आलेलं रक्त फुप्फुसांकडे ढकलतो. दोन्हीकडे वर एक कप्पा, खाली एक कप्पा आणि मधे झडप. गल्लीतला जुना हापसा आठवा. आतला वायसर आणि झडप नीट असेल तर दांडा मारला की पाणी वर चढतं. वायसर झिजला की दांडा तितकाच मारायचा, हात भरून येतात, पण अर्धं पाणी परत खाली जातं. ट्रायकस्पिड गळायला लागली की उजव्या खालच्या कप्प्याचं हेच होतं. तो आकुंचन पावतो, थोडं रक्त फुप्फुसांकडे जातं आणि उरलेलं वरच्या कप्प्यात उलटतं. तिथून मागे नसांमध्ये दाब चढतो. मानेच्या नसा, यकृत, आतडी, मूत्रपिंड, पाय, सगळीकडे रक्त तुंबतं.

हृदयाच्या चार झडपांत हिचं तोंड सर्वांत मोठं, सुमारे ७ ते ९ चौरस सेंटिमीटर. पाकळ्यांना खालून धरणारे दोरे मागावरच्या ताण्यासारखे बारीक आणि चिवट. दिवसाला साधारण एक लाख वेळा ती उघडते आणि मिटते. तरी डॉक्टरमंडळी हिला ‘विसरलेली झडप’ म्हणत आली, आणि त्याला कारण आहे. उजव्या बाजूचा दाब डावीपेक्षा खूप कमी. डावा कप्पा १२० च्या आसपास दाबाने रक्त ढकलतो, तर उजवा २५ च्या आसपास. त्यामुळे डावी झडप बिघडली की माणूस धापा टाकतो, उजवी बिघडली तर वर्षानुवर्षं नुसता थकतो. थकवा घेऊन कोण हृदयाच्या डॉक्टरकडे जातं? त्यातून १९६०च्या दशकात असा समज बसला की डावीकडची मायट्रल झडप दुरुस्त केली की उजवी आपोआप सुधारते. नीना ब्राउनवाल्ड या अमेरिकी हृदयशल्यविशारद बाईंचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा १९६७ चा लेख याच मताचा होता. काही रुग्णांत तसं होतंही. पण बऱ्याच जणांत ती सुधारत नाही, उलट दहा-पंधरा वर्षांनी डोकं वर काढते.

आमच्या आत्याचं तेच झालं. लहानपणी घसा सुजला, मग एकेक सांधा धरला, ताप आला. तो संधिवाताचा ताप, म्हणजे ऱ्हुमॅटिक फीवर. घशातल्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंशी लढताना शरीर स्वतःच्याच झडपांवर उलटतं. आत्याची मायट्रल झडप त्यात आकसली. चाळिशीत ती बदलून धातूची बसवली, आणि आम्ही समजलो, सुटलो. ती परत सूप मांडीवर घेऊन विड्या वळायला बसली.

पुढे एका पंचमीला ती माहेरी आली होती. पायातली जोडवी बोटात रुतली होती. आईने साबण लावून पाहिला, तेल लावून पाहिलं, शेवटी सोनाराकडून कापून काढावी लागली. आत्या म्हणाली, “बसून बसून पाय सुजतात गं.” आम्हालाही पटलं. मग भूक गेली. कडक भाकरीचे दोन तुकडे खाल्ले की पोट टम्म. डोळ्यांत हलकी पिवळी झाक आली. सोनोग्राफीत यकृत मोठं आणि पोटात थोडं पाणी. एका रुग्णालयात वर्षभर यकृताचं औषध चाललं, मधे कुणी काविळीचा काढाही दिला. हृदयाचा विषय कुणी काढला नाही, कारण तिला दम लागत नव्हता आणि ‘झडपेचं तर झालंय’.

पुढे एका वयस्कर फिजिशियननी तिला पलंगावर अर्धवट टेकून बसवलं. “मावशी, मान जरा डावीकडे वळवा.” मग काहीच न बोलता मिनिटभर नुसते मानेकडे बघत राहिले. मी पण बघितलं. कानाच्या पाळीपर्यंत शीर ठोक्याठोक्याला उसळत होती, पाळीसुद्धा हलत होती. त्यांनी उजव्या बरगडीखाली तळहात ठेवून हळूच दाबून धरलं, तशी शीर आणखी फुगली. माझा हात घेऊन त्यांनी तिथंच ठेवला. यकृत नाडीसारखं उडत होतं. “हे लिव्हर नाही,” ते म्हणाले, “हे हृदय लिव्हरमध्ये ठोके मारतंय.” त्या खोलीत मशीन एकही नव्हतं. पायावर अंगठा दाबला तर खड्डा राहतो, एवढं सगळे बघतात. मान बघायची राहून जाते.

झडप का गळते, यात एक गोष्ट कळली की पुढचं सगळं उलगडतं. दहापैकी नऊ जणांत पाकळ्या मुळात खराब नसतातच. दाराची चौकट फाकली तर दारं चांगली असूनही मिटत नाहीत, मधे फट राहते, तसंच हे. झडप ज्या कड्यात बसलेली असते ते कडं रुंदावतं. कडं रुंदावतं कारण उजवा कप्पा फुगतो, आणि कप्पा फुगतो कारण पुढे फुप्फुसांतला दाब वाढलेला असतो: मायट्रलचा जुना आजार, डाव्या हृदयाचा अशक्तपणा, फुप्फुसाचे जुने विकार. आणखी एक कारण आता जास्त लक्षात येतंय, एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोके कायमचे वेडेवाकडे पडणं. त्यात वरचा कप्पा ताणत जातो आणि कडं त्याच्याबरोबर ओढलं जातं. आत्याला दोन्ही होतं, जुनी मायट्रल आणि वेडेवाकडे ठोके. पाकळ्याच खराब होण्याची कारणं कमी: संधिवाताचा ताप थेट या झडपेवर उतरणं, झडपेवर जंतुसंसर्ग (डायलिसिसच्या किंवा मोठ्या नसेत घातलेल्या नळीवाटे, नशेच्या इंजेक्शनांतून), जन्मतः झडप खाली सरकलेली असणं. आणि पेसमेकरची तार. ती याच झडपेतून खाली जाते, आणि कधी एखाद्या पाकळीला चिकटून तिला मिटू देत नाही. घरात कुणाला पेसमेकर बसवल्यावर काही महिन्या-वर्षांनी पाय सुजायला लागले तर हे डॉक्टरांना आठवणीने सांगा. झडप आकसून तोंड अरुंद होणं, म्हणजे टीएस, आपल्याकडे क्वचित दिसतं आणि बहुधा संधिवाताच्या तापामुळे, मायट्रलच्या जोडीनेच.

आता रिपोर्ट. पहिलं म्हणजे ‘ट्रिव्हियल टीआर’ किंवा ‘माइल्ड टीआर’ वाचून घाबरू नका. धडधाकट माणसांतही थोडी गळती दिसतेच. डॉक्टरांना ती उपयोगी पडते, कारण उलट्या धारेच्या वेगावरून फुप्फुसांतला दाब काढता येतो. धार सेकंदाला ३ मीटर वेगाने येत असेल तर वेगाचा वर्ग करून चारने गुणायचं: ३६. त्यात वरच्या कप्प्याचा अंदाजे दाब मिळवायचा. रिपोर्टात आरव्हीएसपी किंवा पीएएसपी म्हणून जो आकडा असतो तो असा येतो. वेग २.८ च्या वर गेला की फुप्फुसांतल्या दाबाची शंका घ्यायची. मात्र गळती फारच मोठी असेल तर हे गणित फसतं आणि दाब खऱ्यापेक्षा कमी दिसतो.

‘मॉडरेट’ आणि ‘सिव्हिअर’ हे शब्द मात्र गांभीर्याने घ्यायचे. उलट्या धारेची सर्वांत अरुंद जागा ७ मिलिमीटर किंवा जास्त असेल, गळतीचं भोक ४० चौरस मिलिमीटरच्या पुढे असेल, यकृताच्या नसांत रक्त उलटं वाहताना दिसत असेल, तर गळती तीव्र. अलीकडे सिव्हिअरच्या वर ‘मॅसिव्ह’ आणि ‘टॉरेन्शियल’ अशा आणखी दोन पायऱ्या केल्या आहेत, कारण सिव्हिअर म्हणवणाऱ्या रुग्णांतही जमीन-अस्मानाचा फरक असतो. पण मला विचाराल तर गळतीइतक्याच महत्त्वाच्या आणखी दोन ओळी असतात. एक, कड्याची रुंदी. ४० मिलिमीटर किंवा जास्त म्हणजे चौकट फाकली. दुसरी, टॅप्सी. उजवा कप्पा आकुंचताना कडं किती खाली सरकतं याचं ते माप. १७ मिलिमीटरपेक्षा कमी म्हणजे कप्प्याची ताकद उतरली. झडप दुरुस्त करता येते, थकून गेलेला कप्पा परत उभा करणं अवघड.

इको करताना डॉक्टर कधी “नाकाने जोरात श्वास ओढा” म्हणतात. तेव्हा ते पोटातली मोठी नस बघत असतात. ती श्वासासरशी आकसली तर बरं. २१ मिलिमीटरपेक्षा रुंद असून निम्म्यानेही आकसली नाही, तर मागे दाब चढलेला आहे. आणि गळतीचा आकडा अंगात पाणी किती साठलंय त्यावर हलतो. सूज भरलेली असताना सिव्हिअर दिसलेली झडप पाणी उतरल्यावर मॉडरेट दिसू शकते. म्हणून औषधं नीट लागू झाल्यावर पुन्हा इको करायला सांगितला तर तो पैसे काढण्यासाठी नसतो. शस्त्रक्रियेचा विचार असेल तर अन्ननलिकेतून इको, सीटी किंवा एमआरआय आणि नसेतून नळी घालून उजव्या बाजूचे दाब मोजणं, हेही लागतं. लिव्हर, किडनी आणि आयएनआरच्या (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) रक्ततपासण्या सोबत हव्यातच.

आत्याच्या जुन्या फाइलीत मी नंतर शोधलं. सहा वर्षांपूर्वीच्या इकोत स्वच्छ टाइप केलेलं होतं: टीआर मॉडरेट, कडं ४२ मिलिमीटर. तो रिपोर्ट मीच आणला होता. “नवी झडप छान चाललीय” एवढं ऐकून मी तो फाइलीत लावला होता.

औषधांबद्दल मला अधिकाराने बोलता येतं, म्हणून जरा सविस्तर. गळती बंद करणारी गोळी नाही. गोळ्या साठलेलं पाणी काढतात, ठोके ताब्यात ठेवतात आणि मूळ कारणाला हात घालतात. फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड, स्पायरोनोलॅक्टोन या त्या ‘लघवीच्या गोळ्या’. कितीतरी जण येऊन सांगतात, “आधी याच गोळीने सूज उतरायची, आता उतरत नाही, गोळी डुप्लिकेट आली का?” गोळी तीच असते. आतड्यांनाच सूज आली की फ्युरोसेमाइड नीट शोषलं जात नाही. अशा वेळी डॉक्टर टॉर्सेमाइडवर बदलतात किंवा काही दिवस शिरेतून इंजेक्शन देतात. स्वतःच्या मनाने दोनाच्या चार गोळ्या करू नका, पोटॅशियम आणि किडनी दोन्ही बिघडतात.

आणि काउंटरवर हात जोडून सांगतो, दुखण्याच्या गोळ्या. दिवसभर मांडी घालून विड्या वळल्या, बारा तास मागावर उभं राहिलं की कंबर, गुडघे दुखणारच. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन मागायला रोज माणसं येतात. या गोळ्या अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात, लघवीच्या गोळीचा परिणाम मारतात आणि किडनीवर जातात. हृदयाच्या रुग्णाला मी त्या देत नाही, भांडण झालं तरी चालेल. पॅरासिटामॉलवर भागवा आणि डॉक्टरांना विचारा.

मीठ दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा. आपल्या ताटात ते शेंगाचटणीत, लोणच्यात, पापडात, फरसाणात लपलेलं असतं. आत्यासाठी आई बिनमिठाची शेंगाचटणी कुटते, लसूण आणि तिखट जरा वाढवून. सैंधव चालतं का, असं विचारतात. सैंधव हेही मीठच. डब्यावर ‘लो सोडियम’ लिहिलेल्या मिठात पोटॅशियम असतं, स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर ते धोक्याचं. ॲसिडिटीसाठी पाण्यात फसफसणारी पावडर घेतात, तिच्यातही सोडियम भरपूर.

आमच्या गावचा उन्हाळा हा वेगळाच विषय. पारा ४३-४४ ला जातो, घाम वाहतो आणि वर लघवीची गोळी. चक्कर, पायात गोळे, लघवी कमी होणं, असं दिसलं तर गोळीचा डोस कमी करायचा का हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. उन्हाळा लागतानाच एकदा भेटून आलात तर उत्तम. ओआरएस सरबतासारखं पिऊ नका, त्यात मीठ असतं. रोज सकाळी लघवी झाल्यावर, चहाआधी, त्याच काट्यावर वजन करायचं. तीन दिवसांत दोन किलोपेक्षा जास्त वाढलं तर ते पाणी. सूज डोळ्यांना दिसायच्या आधी काटा सांगतो.

धातूची झडप असेल, किंवा मायट्रल आकसलेली असून ठोके वेडेवाकडे असतील, तर रक्त पातळ ठेवायला वॉर्फरिन किंवा ॲसिनोकुमॅरॉलच लागतं. नवी औषधं अशा रुग्णांत चालत नाहीत. यकृत तुंबलेलं असताना आयएनआर अचानक चढतो, त्यामुळे सूज वाढलेल्या दिवसांत तो लवकर तपासून घ्या.

शस्त्रक्रियेत शक्यतो झडप वाचवतात. बटव्याची नाडी ओढल्यासारखा टाका फिरवून कडं आवळणं ही १९७२ मधली डे वेगा या स्पॅनिश शल्यविशारदाची पद्धत. आता बहुधा रिंग शिवतात. रिंग पूर्ण गोल नसते, एका बाजूला उघडी असते, कारण तिथे पाकळीलगत ठोक्यांची वीज वाहून नेणारी यंत्रणा जाते. तिथे टाका पडला तर ठोका अडतो आणि पेसमेकर लागतो. झडप अगदीच निकामी असेल तर बदलतात. उजव्या बाजूला रक्त संथ असल्याने धातूच्या झडपेवर गुठळी धरण्याची भीती जास्त, म्हणून बहुधा प्राण्यांच्या ऊतीची झडप बसवतात.

खरा प्रश्न वेळेचा. डाव्या झडपेसाठी छाती उघडलेलीच असेल तेव्हा उजवीची गळती तीव्र असल्यास ती त्याच वेळी दुरुस्त करायचीच, याबद्दल आता दुमत नाही. गळती कमी पण कडं ४० च्या पुढे असेल तरी विचार करतात. ४०१ रुग्णांच्या एका अभ्यासात रिंग घातलेल्यांत दोन वर्षांत गळती वाढण्याचं प्रमाण ०.६ टक्के आणि न घातलेल्यांत ६.१ टक्के निघालं. पण पेसमेकर लागलेले १४.१ विरुद्ध २.५ टक्के. म्हणून प्रत्येकालाच घाला असंही नाही. मायट्रलच्या ऑपरेशनला कुणाला नेत असाल तर सर्जनना एवढं जरूर विचारा, “उजव्या झडपेचं कडं किती आहे, आणि तिचं याच वेळी काही करायचं का?” आम्ही विचारलं नव्हतं.

नंतर एकट्या उजव्या झडपेसाठी छाती उघडायची म्हटलं तर जुन्या आकडेवारीत शंभरात आठ-दहा रुग्ण रुग्णालयातच दगावलेले दिसतात. ऑपरेशन अवघड आहे म्हणून तितकंसं नाही, रुग्ण उशिरा पोचतात म्हणून. धोका आधी ताडायला ट्राय-स्कोर वापरतात. वय सत्तरच्या पुढे आहे का, दम किती, सूज आहे का, फ्युरोसेमाइड रोज १२५ मिलिग्रॅमपर्यंत गेलंय का, किडनी, बिलिरुबिन (काविळीची तपासणी), दोन्ही कप्प्यांची ताकद, यांचे मिळून बारा गुण. जितके गुण जास्त तितका धोका जास्त.

छाती न उघडता, मांडीच्या नसेतून नळी नेऊन करायचे उपायही आले आहेत. एकात क्लिपने दोन पाकळ्या मधोमध चिमटून फट कमी करतात. २०२३ मध्ये आलेल्या ३५० रुग्णांच्या चाचणीत क्लिप लावलेल्यांपैकी ८७ टक्क्यांची गळती महिन्याभरात मध्यम किंवा त्याहून कमी झाली, रोजचं जगणं सुधारलं. वर्षभरात मृत्यू मात्र कमी झाले नाहीत. दुसऱ्यात नसेतूनच नवी झडप बसवतात. गळती जवळजवळ थांबते, पण रक्तस्राव आणि पेसमेकरचा धोका वाढतो. या दोन्हींना अमेरिकेत २०२४ मध्ये मान्यता मिळाली. खर्च प्रचंड आणि सगळ्यांना लागूही पडत नाहीत. आत्याला हैदराबादला दाखवलं तेव्हा पाकळ्यांमधली फट क्लिपच्या आवाक्याबाहेर गेली होती आणि टॅप्सी ११. डॉक्टरांनी आम्हाला बसवून नीट सांगितलं की या घडीला औषधंच बरी.

इथल्यांनी सुरुवात सिव्हिलला किंवा आपल्या फिजिशियनकडे करावी. पुढे पुण्याला जायचं ठरलं तर झडपांच्या शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहेत. जाण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारून कागदपत्रांची खात्री करा. सोबत फक्त शेवटचा रिपोर्ट नेऊ नका. सगळे इको तारखेप्रमाणे लावा, पहिल्या ऑपरेशनचं डिस्चार्ज कार्ड, पेसमेकर असेल तर त्याचं कार्ड, चालू गोळ्यांची पाकिटं आणि महिन्याभराच्या वजनाची नोंद घ्या. घरात लहान मुलाचा घसा दुखून मागोमाग सांधे सुजले तर त्याला वेळेत डॉक्टरांकडे न्या, आणि संधिवाताच्या तापाचं निदान झालं तर दर २१ दिवसांचं पेनिसिलिनचं इंजेक्शन मधेच सोडू नका. मुलाला बरं वाटतंय म्हणून ते सोडतात, आणि झडप तेव्हाच जाते.

आत्याचं वजन आज सकाळी ४८ किलो २०० ग्रॅम होतं. तिने स्वतः भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिलं.